छातीतला कापूस नि चमचाभर लाळ

आमच्या घरात सगळ्यांच्या केसांत कापूस असतो. अकोटला माझं गाद्या-रजया भरायचं दुकान आहे. दुकान आणि घर एकच. पुढं पिंजायचं मशीन, मागं दोन खोल्या, मधे पडदा. मशीन सुरू झालं की बारीक तंतू पडद्याखालून आत येतात आणि माठावर, उशीवर, कधी कधी भाकरीवरही बसतात. वडिलांचा हाच धंदा होता, आजोबांचाही. घरात आम्ही हिंदी आणि वऱ्हाडी एकत्र कालवून बोलतो, पण माझी शाळा मराठीची, म्हणून हे मराठीतच लिहितो.

माझी मुलगी जोया सात वर्षांची असताना तिला न्यूमोनिया झाला. आता ती ठणठणीत आहे. मी हे लिहितोय आणि ती बाहेर ओट्यावर मैत्रिणीशी भांडते आहे. आवाजावरून भांडण तीच जिंकणार असं दिसतं. ज्यांच्या घरात सध्या असं आजारपण चालू आहे त्यांच्यासाठी हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको.

साधा खोकला

ती वर्षं कापसाच्या मुलखात कापसालाच वाईट होती. कधी बोंडअळी, कधी पडलेला भाव. खेड्यांतली लग्नं आटोपशीर व्हायला लागली होती, आणि पूर्वी जे पोरीला गाद्यांचा सेट द्यायचे ते बाजारातून फोमची एक गादी उचलून न्यायचे. माझं मशीन दुपारनंतर बहुतेक बंदच असायचं. पण घर हसतं होतं, कारण घरात जोया होती. ती सतत बोलायची. झोपेतसुद्धा. आणि बोराच्या बिया तोंडातून लांब उडवण्यात गल्लीत तिचा हात, म्हणजे तिचं तोंड, कुणी धरत नव्हतं. माझी बायको शबाना तिला त्यासाठी रोज रागवायची. चांगल्या घरच्या पोरी थुंकत नाहीत, असं तिचं म्हणणं.

रमजान लागला त्या आठवड्यात जोया खोकायला लागली. वर्गातली बरीच पोरं खोकत होती, त्यांच्या मॅडमसुद्धा. आम्ही हळद-दूध दिलं. मग अकोटच्या डॉक्टरांनी पातळ औषध दिलं. ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. हळूहळू ती गप्प व्हायला लागली. आम्हाला वाटलं, पोरगी शहाणी झाली.

एका सकाळी शबाना तिचं अंग पुसत होती. तिनं मला हाक मारली आणि बोटानं दाखवलं. श्वास घेताना जोयाच्या फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात होती.

"ही अशी धापा काऊन टाकून राहिली?" ती हळूच म्हणाली.

मी जोयाला तसंच उचललं. डॉक्टरांनी छाती तपासली आणि आजच्या आज अकोल्याला न्या म्हणून चिठ्ठी दिली. चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, घरात धूळ असते का. विचारायला हवंच होतं. माझ्या बाह्यांवर आणि मिशीत उत्तर चिकटलेलं होतं.

पांढरा पुंजका

शेजाऱ्यानं आपली व्हॅन काढली. अकोल्याच्या मुलांच्या दवाखान्यात पोचताच जोयाच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लावली, रक्त घेतलं, हातात सुई बसवली आणि छातीचा फोटो काढला. हे सगळं इतक्या भराभर झालं की घाबरायला वेळच मिळाला नाही. भीती नंतर आली.

तिथल्या डॉक्टर वानखडे मॅडम. मूळच्या तिवशाच्या, वयानं माझ्याएवढ्याच. बोलायला साध्या, पण तपासताना त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळायचं नाही. त्यांनी फोटो उजेडाच्या पाटीवर लावला आणि आम्हाला जवळ बोलावलं. काळ्या छातीत, उजव्या बाजूला खाली, एक पांढरा पुंजका होता. कडा विस्कटलेल्या, मधे दाट.

मॅडम सांगत होत्या की हा न्यूमोनिया आहे, फुप्फुसाच्या या भागात हवा नीट जात नाही, इंजेक्शनं सुरू करतो, बहुतेक मुलं बरी होतात. शबाना मान डोलावत होती. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. मी आयुष्यभर पांढरे पुंजके बघत आलोय. पिंजलेली रुई मशीनमधून बाहेर पडते तेव्हा हुबेहूब अशीच दिसते. माझ्या मनानं तिथंच ठरवून टाकलं की माझ्या धंद्यातला कापूस माझ्या पोरीच्या छातीत जाऊन बसलाय.

हे मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणीतरी हो म्हणालं असतं.

वॉर्डातले दिवस

वॉर्डाची सकाळ फिनेलच्या वासानं व्हायची. मग चादरी बदलणाऱ्या मावशी, मग तापाची नोंद, मग सिस्टरच्या ट्रेच्या चाकांचा आवाज. त्या आवाजाची जोयाला इतकी धास्ती होती की ट्रे दाराशी आला की ती चादरीत शिरायची. हातावरची सुई सारखी बिघडायची आणि पुन्हा शीर शोधावी लागायची. सिस्टर बिचारी हळू करायची, तरी पोरगी ओरडायची. नाकात काडी घालून नमुना घ्यायचाही एक प्रयत्न झाला. कोरोनात ती लहान असताना दोघांनी धरून तिच्या नाकात अशीच काडी घातली होती, ते तिच्या लक्षात होतं. तिनं काडी मोडली आणि सिस्टरच्या हाताला चावली. मॅडम म्हणाल्या, राहू द्या.

शेजारच्या खाटेवर परी नावाची दोन वर्षांची पोरगी होती, तिलाही न्यूमोनिया. तिच्याजवळ तिची आजी राहायची, शेवंताआजी. दर्यापूरकडच्या खेड्यातल्या. आई शेतमजुरीला जायची आणि संध्याकाळच्या बसनं यायची. आजींनी पहिल्याच दिवशी आमची सगळी माहिती काढून घेतली आणि आपली देऊन टाकली. त्यांचं वावर खारपाणपट्ट्यात, जिथं जमिनीतलं पाणीही खारट, आणि त्या वर्षी त्यात फार काही पिकलं नव्हतं. वॉर्डात कुणी सोयाबीनचा नि कापसाचा विषय काढला की आजी हात झटकायच्या. वावर कुठं पळून जात नाही, म्हणायच्या, आधी पोट्ट्या घरी नेऊ.

माझा रोजा असायचा. सूर्य कलला की आजी काही न बोलता एक केळ माझ्या बाजूच्या स्टुलावर ठेवायच्या. अजानचा आवाज वॉर्डात नीट यायचा नाही, तेव्हा त्या खिडकीशी उभ्या राहून ऐकायच्या आणि मला खूण करायच्या. मी केळ सोलायचो. घरापासून दूर काढलेल्या त्या दिवसांत एवढी गोष्ट मला रोज पुरायची.

पण जोयाचा ताप हटत नव्हता. इंजेक्शनं चालू होती, तरी संध्याकाळ झाली की अंग तापायचं. ती बोलत नव्हती. मी तिला बोलतं करायला काहीबाही विचारायचो आणि ती नुसती बघायची. बडबड्या पोराचं गप्प होणं फार भेसूर असतं.

आपाचा फोन

शबानाची मोठी बहीण नसरीन आपा अमरावतीला राहते. नवरा बँकेत, घर तिसऱ्या मजल्यावर, स्वच्छ, पांढऱ्या फरशांचं. ती वाईट नाही. शबानाच्या लग्नात आईच्या जागी तीच उभी होती. पण मनात येईल ते बोलून मोकळी होते. तिनं फोनवर शबानाला सांगितलं, पोरीला कापसात वाढवलं, दुसरं काय होणार होतं.

शबानानं हे मला दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून सांगितलं. ती रडत नव्हती. तिनं ठरवलं होतं.

"सुट्टी मिळाली की मी तिले अमरावतीले घेऊन जातो. आपाकडं. शाळेत नाव पण तिकडंच टाकू."

"आणि मी?" मी विचारलं.

"तुमी दुकान सोडाल काय?"

मला दुसरं काही येत नाही हे तिला माहीत होतं आणि तिला माहीत आहे हे मला. मी तिच्याशी भांडू शकलो असतो, पण कशाच्या जोरावर? तो पुंजका मी स्वतः पाहिला होता. मी म्हटलं, ठीक आहे, घेऊन जा. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मी विरोध करावा असं तिला वाटत होतं की काय, कोण जाणे. त्या दिवशी आम्ही दोघं वॉर्डात परतलो ते वेगवेगळ्या पायऱ्यांवरून चालावं तसे.

लाळ

दुसऱ्या दिवशी दुपारी वानखडे मॅडम खाटेवर येऊन बसल्या. त्या म्हणाल्या की इंजेक्शनाचा गुण यायला हवा तेवढा येत नाही. न्यूमोनिया कशामुळं झाला ते कळलं तर औषध नेमकं देता येईल. मोठा माणूस खाकरून छातीतला कफ काढून देतो, लहान मुलं तो गिळून टाकतात. नाकात काडी तर जोया घालू देत नाही.

"म्हणून आपण हिची लाळ तपासू," त्या म्हणाल्या. "तोंडात साचते ती साधी लाळ. तिच्यात जंतूचा माग लागतो."

कोरोनात अकोल्यात जी मोठी तपासणीची मशीनं आली, त्यांवरच हे होतं असं त्यांनी सांगितलं. हेही सांगितलं की ही रीत अजून सगळीकडे नाही. लाळेत कधी कधी तोंडात नुसताच राहणारा, त्रास न देणारा जंतूही सापडतो. त्यामुळं निकाल आला तरी फोटो, रक्त आणि पोरीची तब्येत हे सगळं एकत्र बघूनच त्या ठरवणार होत्या. हे मला आवडलं. जे माहीत नाही तेही सांगणारं माणूस जे माहीत आहे तेवढ्यापुरतं पक्कं असतं.

सिस्टरनं एक छोटी नळी आणून दिली, वर चिमुकलं नसराळं. जोयानं आधी चूळ भरायची, मग तोंडात लाळ साचू द्यायची आणि ओठावरून नळीत सोडायची. खाकरायचं नाही. सुई नाही, काडी नाही, हे तिला तीनदा समजावून सांगितलं. तिनं संशयानं नळी उलटसुलट करून पाहिली.

"थुंकायचं?" तिनं विचारलं. कितीतरी वेळानं तिनं एक अख्खा शब्द काढला होता.

"हो," मी म्हणालो.

तिनं आईकडे बघितलं. शबानाची मोठी पंचाईत झाली. सात वर्षं ज्या गोष्टीसाठी पोरीला रागावली तीच आता करून घ्यायची होती. तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "थुंक बेटा. आज थुंक."

पण तापानं तोंड कोरडं पडलं होतं. जोयानं गाल आत ओढले, जीभ फिरवली, डोळे मिटले. एक थेंब आला तो ओठावरच वाळला. तिचा चेहरा रडवेला झाला. तेव्हा शेवंताआजी आपली खाट सोडून आमच्या खाटेवर आल्या. त्यांनी आपलं लुगडं नीट केलं आणि बैठक मारली.

"आमच्या वावराच्या धुऱ्यावर एक आंबा हाये," त्या म्हणाल्या. "त्याची कैरी अशी आंबट, का पोपट एक डाव चोच मारते अन् उडून जाते ते गावात येतच नाई. ते कैरी घ्याची. सुरी नाई लावाची, बुक्कीनं फोडाची. आतून पांढरी कोय निघते, नरम. मंग पाट्यावर मीठ अन् लाल मिर्ची जाडीभरडी वाटाची, अन् कैरीची फोड त्याच्यात अशी दाबाची..."

त्या फोड दाबत होत्या. हातात काही नव्हतं तरी आम्हाला ती दिसत होती. त्यांनी ती तोंडाशी नेली, चावली, एक डोळा मिटला आणि दात आंबल्यासारखं तोंड केलं. समोरच्या खाटेवरच्या बाईनं आवंढा गिळला. शबानानं गिळला. माझा रोजा, घसा सकाळपासून कोरडा, आणि माझ्या तोंडाला असं पाणी सुटलं की मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागलो. आजींच्या ते लक्षात आलं.

"रफीकभाऊ, तुमाले नाई म्हणत, तुमी आयकू नका," त्या म्हणाल्या.

आणि जोया हसली. मोठ्यानं नाही, खोकला आला तिला त्यातच, पण हसली. हसताना ओठांच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली आणि सिस्टरनं चपळाईनं नळी खाली धरली. मग काय, आजी चिंचेवर आल्या, चिंचेवरून आवळ्यावर. जोया वाकून नळीत लाळ सोडत होती आणि नळी भरत आली तरी थांबेना. सिस्टर म्हणाली, बास, एवढी पुष्कळ झाली. जोयानं नळी उजेडात धरून बघितली आणि विचारलं, अजून एक आहे का.

परी फार लहान, तिला सांगून काय कळणार. तिच्या गालात मॅडमनी मऊ स्पंजाची कांडी ठेवली. ती तिनं लॉलीपॉपसारखी चोखली आणि काढून घेतल्यावर भोकाड पसरलं. वॉर्डात त्या दुपारी सगळे हसत होते. कुणी कितीही आजारी असो, पोरं थुंकायला लागली की माणसाला हसू येतं.

भिंत नसलेला

दुसऱ्या दिवशी मॅडम हातात कागद घेऊन आल्या तेव्हा शबाना चहा आणायला गेली होती. त्यांनी मला व्हरांड्यात बोलावलं.

"सापडला," त्या म्हणाल्या. "मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू आहे. रक्ताचा अहवालही त्याला धरूनच आहे. आपण देतोय ते इंजेक्शन जंतूची भिंत पाडतं. या जंतूला भिंतच नाही. ज्या घराला भिंत नाही तिथं घण घालून काय उपयोग? याचं औषध वेगळं आहे, तोंडानं घ्यायचं. सुई काढून टाकू."

मग त्यांनी विचारलं, तिच्या शाळेत आणखी कुणी खोकतंय का. मी सांगितलं, अर्धा वर्ग. त्यांनी मान हलवली. हा शाळांमधून असाच फिरतो, म्हणाल्या.

मी विचारलं, "मॅडम, मंग तो कापूस नाही?"

"कुठला कापूस?"

"फोटोतला. छातीतला."

त्या हसल्या नाहीत. त्या आत गेल्या, जोयाचा फोटो घेऊन आल्या आणि खिडकीच्या उजेडात माझ्यासमोर धरला. पुंजक्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही सूज आहे, रफीकभाऊ. शरीर जंतूशी भांडतं तिथं हवेऐवजी पाणी साचतं आणि ते पांढरं दिसतं. कापूस पिंजणाऱ्याच्या पोरीचं दिसतं तसंच कलेक्टरच्या पोरीचंही दिसतं."

त्या पुढं म्हणाल्या, "पण मशीन आणि पोरगी यांच्यात पडदा चालणार नाही. भिंत बांधा. धूळ कुणाच्याच छातीला बरी नसते, तुमच्याही. तोंडाला फडकं बांधून काम करा."

मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या असत्या तर मी किल्लाही बांधला असता.

मी जिन्यात जाऊन बसलो आणि मन भरेपर्यंत रडलो. शबाना चहा घेऊन वर येत होती. मला तसं बघून तिच्या हातातला थर्मास खाली पडायचाच राहिला होता. मी घाईनं सांगितलं, चांगली बातमी आहे. कापूस नाही म्हणाले. जंतू आहे. शाळेतला. सुई काढून राहिले.

ती माझ्या शेजारी पायरीवर बसली.

"तुमी इतके दिवस हे मनात घेऊन बसले होते?" तिनं विचारलं. आणि मग हळूच म्हणाली, "मले पण तसंच वाटत होतं. म्हणून तुमच्या तोंडाकडं पाहवत नव्हतं."

आम्ही थर्मासच्या झाकणातून चहा... म्हणजे ती प्यायली. तिचा त्या दिवसांत रोजा नव्हता, माझा होता. मी वास घेतला.

"अमरावतीचं काय करतं?" मी विचारलं.

तिनं थोडा विचार केला. "आधी भिंत बांधा," ती म्हणाली.

बरं होणं

त्याच दिवशी हातावरची सुई निघाली. जोयानं तो हात दिवसभर वर धरून सगळ्यांना दाखवला. नवं औषध आधी गोड लागायचं आणि मागून कडू. दोन संध्याकाळी थोडा ताप आला, तिसरीला आलाच नाही. ऑक्सिजनची नळी गेली. ती बोलायला लागली आणि आधीचं राहिलेलं सगळं बोलणं एकदम बाहेर आलं. आपल्या आत भिंत नसलेला एक जंतू राहत होता आणि तो आपण स्वतः थुंकून पकडला, असं ती वॉर्डात येईल त्याला सांगायची.

परीचा निकाल निराळा आला. तिला विषाणूचा न्यूमोनिया होता, त्यावर इंजेक्शनाचा उपयोग नसतो म्हणून मॅडमनी ते थांबवलं. शेवंताआजी हबकल्या. औषध बंद केलं म्हणजे आशा सोडली की काय, असं त्यांना वाटलं. मॅडमनी बसवून समजावलं की हिचं शरीरच याला हरवतंय, आपण फक्त श्वास आणि दूध सांभाळायचं. आणि तसंच झालं. परी आमच्या आधी घरी गेली. जाताना आजींनी जोयाच्या गालाचा मुका घेतला आणि कैरी पाठवीन म्हणाल्या. पाठवली. परीचे वडील अकोटच्या बाजारात आले तेव्हा पिशवीभर देऊन गेले. खरोखर आंबट होती.

आम्ही घरी आलो तेव्हा ईद जवळ आली होती. शबानानं जोयाला समोरच्या घरी माझ्या चुलत बहिणीकडे ठेवलं आणि मी गवंड्याच्या हाताखाली विटा उचलल्या. भिंत उभी राहिली, मशीनच्या खोलीला बाहेरून दार पडलं, छताखाली हवा ओढणारा पंखा बसला. ईदच्या आदल्या दिवशी जोया घरात आली. शीरखुर्मा तिनं दोन वाट्या खाल्ला. मी रोज काम संपलं की आता कपडे झटकून, तोंड-हात धुऊन मगच आत जातो. केसांत कापूस राहतो थोडा. तेवढा चालतो म्हणे.

पुन्हा दाखवायला गेलो तेव्हा मॅडमनी छाती ऐकली आणि मला म्हणाल्या, स्वच्छ. नवा फोटो काढायची गरज नाही. मी जरा हट्ट केला असता, पण शबानानं कोपरानं ढोसलं.

ज्यांचं पोर आत्ता खाटेवर आहे त्यांना माझ्याकडून एवढंच. डॉक्टर देतील ते औषध अर्ध्यावर सोडू नका. आणि ते कशामुळं झालं, हे कळायचा काही मार्ग आहे का, हे एकदा विचारा. कधी कळतं, कधी नाही. पण मनातल्या मनात स्वतःला गुन्हेगार ठरवून गप्प बसू नका. मी न विचारता जे दिवस काढले ते पोरीच्या तापापेक्षा मला जड गेले.

अमरावतीहून

ईदनंतर एका सकाळी माझ्या फोनवर नसरीन आपाचं नाव दिसलं. ती मला कधी फोन करत नाही, शबानालाच करते. तिचा मुलगा फैज, जोयाहून मोठा, बरेच दिवस खोकत होता. औषधानं फरक नव्हता, आता ताप भरला होता. तिचा आवाज बारीक झाला होता.

"रफीक, ते जंतूचं नाव काय होतं? मले नीट सांग."

मी सांगितलं. शबानानं फोन घेतला आणि बहिणीला सगळं समजावलं, काय विचारायचं, कसं विचारायचं. अमरावतीच्या डॉक्टरांनी आधीच तसा विचार केला होता. लाळेची सोय त्यांच्याकडे नव्हती, त्यांनी घशातून नमुना घेतला. तोच निघाला. फैजला दवाखान्यात राहावंही लागलं नाही. घरीच गोळ्या झाल्या आणि थोड्या दिवसांत तो पुन्हा मैदानावर गेला. तिसऱ्या मजल्यावरचा, पांढऱ्या फरशीवरचा मुलगा. आपाचं ते कापसाचं बोलणं आम्ही पुन्हा काढलं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती फैजला घेऊन अकोटला आली. पुष्कळ वर्षांनी आली होती. आल्या आल्या तिनं भिंत पाहिली, पंखा पाहिला, भिंतीला हात लावून मजबूत आहे म्हणाली. जेवण झाल्यावर ती दुकानात येऊन उभी राहिली. मी तोंडावरचं फडकं खाली केलं.

"फैजची फोमची गादी उन्हाळ्यात फार तापते," ती म्हणाली. "एक कापसाची भरून दे. रुई चांगली घाल."

तिच्यासाठी मी हातानं निवडून रुई घेतली. निळ्या पट्ट्यांचं कापड तिनंच पसंत केलं, टाके शबानानं घातले. आपा बाजूला बसून बहिणीला सुई ओवून देत होती आणि दोघी लहानपणच्या कुणाकुणाच्या खोड्या आठवून हसत होत्या.

जायच्या दिवशी गादी गुंडाळून, दोरीनं बांधून एसटी स्टँडवर नेली. गाडीला गर्दी होती. कंडक्टर म्हणाला, एवढी मोठी गादी कुठं ठेवता? आपानं ती मागच्या मोकळ्या जागेत टाकून घेतली, स्वतः तिच्यावर मांडी घालून बसली आणि आपली सीट एका म्हाताऱ्या बाईला दिली. फैज तिच्या शेजारी. खिडकीतून दोघांचे हात हलत होते.

गाडी सुटली तशी जोया तिच्यामागं धावली. पार स्टँडच्या फाटकापर्यंत गेली, तिथं उभी राहून ओरडली, मग तशीच धावत परत आली आणि थांबायच्या आधीच बोलायला लागली. आपाखालानं काय सांगितलं, फैजनं काय कबूल केलं, दिवाळीत आपण अमरावतीला जायचं, भाकरी कुणी बांधून घ्यायची. शबाना तिला म्हणत होती, अगं जरा दम घे.

मी बोलणं ऐकत नव्हतो. मी दोन वाक्यांच्या मधला तिचा श्वास ऐकत होतो. तिला धाप लागलेली नव्हती.